पुस्तक संपते तिथून पुढे : रमाबाई रानड्यांची तेवीस वर्षे

मंडळी, आजचा विषय रमाबाई रानडे. विषय जाहीर झाला तेव्हाच आमच्या कानावर आलं की, ‘त्यांच्याबद्दल आता नवीन काय सांगणार? ती मालिका तर सगळ्यांनी बघितली.’ खरं आहे. ‘उंच माझा झोका’ 2012 साली लागली आणि पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली छोटी रमा घराघरात पोचली. त्याआधीही ज्यांनी रमाबाईंचं पुस्तक वाचलं होतं, त्यांच्या मनात हेच चित्र होतं. अकरा वर्षांची नवरी, एकतीस वर्षांचा विद्वान नवरा, रात्रीचा दिवा, आणि बाराखडी.

तेव्हा तो भाग आपण आज भराभर संपवू. आम्हाला बोलायचंय ते त्यानंतरच्या काळाबद्दल.

रमाबाईंच्या पुस्तकाचं नाव ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. 1910 साली प्रसिद्ध झालं, प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. मराठीत बायकांनी लिहिलेल्या आत्मचरित्रांची गोष्ट निघाली की हे पुस्तक पहिल्या ओळीत येतं. आता त्या नावातला पहिला शब्द बघा. ‘माझ्या’ नाही, ‘आमच्या’. दोघांच्या आठवणी. आणि हे पुस्तक संपतं कुठे, तर 16 जानेवारी 1901 रोजी न्यायमूर्ती रानडे गेले तिथे. साहजिक आहे, एक जण गेल्यावर ‘आमच्या’ उरत नाही.

पण पुस्तक छापलं गेलं 1910 साली. म्हणजे मध्ये नऊ वर्षं गेली होती. त्या नऊ वर्षांत या बाई तुरुंगात जाऊन स्त्री-कैद्यांना भेटत होत्या, दवाखान्यांतून हिंडत होत्या, 1904 साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्षा झाल्या होत्या, मुंबईच्या सेवासदनाच्या अध्यक्षा होत्या, आणि पुण्यात स्वतःच्या राहत्या वास्तूत सेवासदन सुरू करून बसल्या होत्या. यातलं त्या पुस्तकात काही नाही. स्वतःच्या कामाबद्दल लिहावं असं त्यांना वाटलं नाही, किंवा ते ‘आयुष्य’ या शब्दात बसतं असं वाटलं नाही. 1924 साली त्या गेल्या. म्हणजे नवऱ्यामागे तेवीस वर्षं त्या जगल्या, आणि आमच्या मते त्यांचं स्वतःचं म्हणावं असं सगळं काम त्या तेवीस वर्षांतलं आहे. आपण मात्र त्यांना अजून त्या दिव्यापाशीच बसवून ठेवलंय.

तरी थोडी पार्श्वभूमी सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माहेर देवराष्ट्र्याचं, कुर्लेकरांचं. आजच्या सांगली जिल्ह्यात येतं हे गाव. लग्न डिसेंबर 1873 मध्ये झालं. रानड्यांची पहिली बायको त्याच वर्षी वारली होती. आता ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, तेव्हा ते विधवेशीच लग्न करतील अशी मित्रांची अपेक्षा. पण वडिलांपुढे त्यांचं चाललं नाही आणि अकरा वर्षांची कुमारिका घरात आली. हे त्यांच्यावर आयुष्यभर शेकलं, त्यात आज शिरत नाही. लग्न झाल्याबरोबर त्यांनी विचारलं, लिहितावाचता येतं का? येत नव्हतं. लगेच पाटी आली.

घर मोठं. सासू, नणंद, आत्ये, चुलत्या अशा आठ-नऊ बायका. नवी सून रात्री शिकते याचा त्यांना राग. मराठीपर्यंत एक वेळ ठीक होतं, पण इंग्रजी शिकवायला मडमिणीची नेमणूक झाली तेव्हा मात्र कहर झाला. तिला शिवलं म्हणजे विटाळ. शिकून उठल्यावर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही. पंडिता रमाबाई 1882 साली पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू झाला, तिथे जायला लागल्यावर आणखी बोलणी. आणि 1884 च्या सुमाराला मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांसमोर भर सभेत इंग्रजीतून मानपत्र वाचलं, तेव्हा तर घरात काय झालं असेल याची कल्पना करा. (ते हायस्कूल म्हणजे आपली हुजूरपागा.) नवरा घरातल्या बायकांना एका शब्दाने बोलत नसे. बायकोला सांगे, ऐकून घे, उलट बोलू नकोस, आणि शिकणं सोडू नकोस. आता हे थोरपण की सोय, हा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो. मोठेपणा बाहेर त्यांचा होता, आणि त्याची किंमत स्वयंपाकघरात ही मुलगी देत होती.

आता इथे जरा थांबू. मालिकेत आणि आपल्या मनातही त्या घरातल्या बायका म्हणजे खलनायिका. पण त्यांच्यात एक होती दुर्गा, न्यायमूर्तींची बहीण. ती कोवळ्या वयात विधवा झालेली. भाऊ विधवाविवाहाच्या चळवळीचा आधारस्तंभ, सगळ्या हिंदुस्थानात नाव, आणि बहीण घरात सोवळ्यात. भावाच्या मनात तिचं पुन्हा लग्न लावून द्यावं असं होतं. वडिलांनी होऊ दिलं नाही. अशा बाईच्या डोळ्यांदेखत त्याच घरात एक अकरा वर्षांची पोर येते, आणि जे आपल्या वाट्याला कधी आलं नाही ते सगळं तिला ताटात वाढलं जातं. पाटी, पुस्तक, मास्तरीण, नवऱ्याबरोबर गावोगावचा प्रवास. तिनं गोड बोलावं ही अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो?

उच्चवर्णीय घरातली विधवा म्हणजे त्या काळी काय, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. पहाटे उठून सोवळ्यातला स्वयंपाक, पाणी, घरातली बाळंतपणं, आजारपणं, लोणची-पापड, म्हाताऱ्यांची उठबस. एकवेळचं जेवण. हातात पैसा नाही. घरातली सगळ्यात जास्त काम करणारी व्यक्ती तीच, आणि ‘हिला पोसायचं’ अशी भाषा जिच्याबद्दल वापरली जाई तीही तीच. या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं. रमाबाईंनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं, सत्तावीस वर्षं त्या ज्या घरात राहिल्या तिथं बघितलं होतं. पुढे त्यांनी जे उभं केलं, त्याचं मूळ आम्हाला व्याख्यानांत आणि ठरावांत दिसत नाही, या स्वयंपाकघरात दिसतं.

1893 साली रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. तिथं रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल क्लब सुरू केला. भाषणं, शिवण, प्राथमिक उपचारांचे धडे, असं त्याचं स्वरूप. अजून सगळं न्यायमूर्तींची पत्नी म्हणून. मग 1901 आलं.

नवरा गेल्यावर त्या पुण्याला परत आल्या आणि वर्षभर जवळजवळ घराबाहेर पडल्या नाहीत. न्यायमूर्तींची धर्मपर व्याख्यानं छापून काढण्याचं काम केलं. स्वतःचं मूल नव्हतं. नात्यागोत्याच्या मुलांमाणसांनी घर भरलेलं होतं, पण वय अवघं एकोणचाळीस-चाळीस. रामकृष्णपंत भांडारकरांसारख्या वडीलधाऱ्यांनी आग्रह केला आणि त्या बाहेर आल्या.

बाहेर आल्या म्हणजे कुठे गेल्या, तर येरवड्याला. तुरुंगातल्या बायकांच्या भागात नेमानं जायचं, त्यांच्याशी बोलायचं, काही वाचून दाखवायचं. सुधारगृहातल्या पोरांकडे सणावाराला खाऊ घेऊन जायचं. दवाखान्यांत फुलं, फळं, पुस्तकं घेऊन जायचं. आज हे आपल्याला साधं वाटतं, ‘समाजसेवा’ म्हणून शाळेतली मुलंसुद्धा करतात. पण तेव्हा हायकोर्टाच्या न्यायाधीशाच्या विधवेनं खुनाच्या, बालहत्येच्या आरोपात शिक्षा झालेल्या बायकांशेजारी जाऊन बसणं, ही साधी गोष्ट नव्हती. यातला कुठलाच प्रकार पगारी नाही. रमाबाईंनी आयुष्यात कधी पगार घेतला नाही. त्यांना गरजही नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट नेमकी पगाराची आहे.

1908 साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन काढलं. एक पारशी, एक सिंधी, आणि अध्यक्षा मराठी. 2 ऑक्टोबर 1909 रोजी पुण्यात सेवासदन सुरू झालं, रानड्यांच्याच वास्तूत. बरोबर होते भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर. देवधरांचं नाव आपण फार लवकर विसरलो. हिशेब, वर्गण्या, सरकारदरबारी अर्ज, हे सगळं किचकट काम त्यांनी वर्षानुवर्षं ओढलं. संस्था चालतात त्या अशा माणसांवर. पण पुण्यातल्या घरांमधून विधवा मुलीला बाहेर पाठवायचं तर बापाला, भावाला, सासऱ्याला भरवसा कुणाचा वाटणार? तो रमाबाईंचाच. ‘रानड्यांकडे जाते’ म्हटल्यावर नाही म्हणणं कठीण. एके काळी घरातल्या बायकांनी ज्या घरात त्यांची पाटी खुपून घेतली, त्याच घरात आता शहरातल्या बायका पाट्या घेऊन यायला लागल्या. शिवण, लिहिणं-वाचणं, पुढे शिक्षिकांचं ट्रेनिंग. हे सगळं लोकांना पचलं. बाईनं शिवावं, बाईनं मुलींना शिकवावं, ठीक आहे.

पचलं नाही ते नर्सिंग.

का पचलं नाही, हे समजून घेतल्याशिवाय या बाईंची हिंमत कळत नाही. नर्स म्हणजे परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा. रक्त, पू, मलमूत्र. कुठल्या जातीचा माणूस खाटेवर येईल त्याचा नेम नाही. रात्रपाळी करायची. परक्या पुरुष डॉक्टरच्या हाताखाली काम करायचं. सोवळं-ओवळं, शिवाशीव, स्त्रीची अब्रू, या सगळ्या कल्पना एकाच वेळी एका खोलीत मोडत होत्या. तोवर इस्पितळात नर्स म्हणजे गोरी, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती बाई, असं समीकरण. आणि बाळंतपण करणारी सुईण ही गावगाड्यातल्या खालच्या मानलेल्या जातीची. तिच्या हातून मूल सुखरूप घ्यायचं आणि नंतर तिला विटाळ मानून बाहेर बसवायचं, हा आपला रिवाज. म्हणजे शरीराची सेवा हे काम हलकं, आणि ते करणारी हलकी. ब्राह्मण विधवेनं हे काम शिकायचं म्हणजे आभाळ कोसळणं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. याच पुण्यात बारा-चौदा वर्षं आधी, 1897 च्या प्लेगमध्ये, सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या. 10 मार्चला. त्यांना कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं, कुणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. तेव्हा ‘पहिल्यांदा’ हा शब्द आम्ही रमाबाईंच्या बाबतीत जपून वापरतो. सेवा करणाऱ्या बायका आधीही होत्या. सेवासदननं जे केलं ते वेगळं. या कामाला शिक्षण दिलं, परीक्षा दिली, आणि त्याचा पगार होऊ शकतो हे दाखवलं.

ससून रुग्णालयात शिकायला मुली पाठवायच्या ठरल्या. त्यांची राहण्याजेवण्याची सोय सेवासदननं केली, म्हणजे घरच्यांना शिवाशिवीचं कारण पुढे करता येऊ नये. बघा कसं आहे. रूढी मोडायची ती जिथे मोडणं आवश्यक आहे तिथे, आणि बाकी ठिकाणी तिला वळसा घालायचा. नवऱ्याचीच रीत ही. काहींना ती मिळमिळीत वाटते. आगरकरांना वाटतच असे. पण एक हिशेब करा : त्या मुलीला जेवण कुठे करायचं यावर भांडायला लावलं असतं, तर ती वॉर्डापर्यंत पोचलीच नसती.

एका बक्षीस समारंभाची हकिगत रमाबाईंच्या चरित्रांतून सांगितली जाते. सेवासदनच्या स्नेहसंमेलनात बक्षीस घ्यायला एक तरुण विधवा व्यासपीठावर आली. केशवपन केलेली, अंगावर विधवेचं लुगडं. वरच्या सज्ज्यात बसलेले विद्यार्थी तिला बघून हसायला, हुर्यो करायला लागले. समारंभाच्या शेवटी रमाबाई उठल्या आणि त्यांनी त्या सुशिक्षित पोरांना खडसावलं. त्यांचा मुद्दा असा होता की तुम्ही शिकलेले म्हणवता, तुमच्यातल्या कित्येकांच्या घरात अशी बहीण, आत्या किंवा मावशी असेल, आणि तुम्ही हसता तिला! सज्जा गप्प झाला म्हणतात.

आम्हाला या हकिगतीत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हसणारे सनातनी भटजी नव्हते, कॉलेजातली मुलं होती. ज्या वर्गाला रानडे-आगरकरांनी घडवलं तोच वर्ग. आणि रमाबाईंनी त्यांना शास्त्रवचन ऐकवलं नाही, घर आठवून दिलं. ते वाक्य बोलताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोण असेल? आम्ही तरी दुर्गेचं नाव घेऊ. हे आमचं अनुमान, पुरावा मागू नका.

मग बघा, घरात बाळंतपणं करणं, आजाऱ्याजवळ रात्ररात्र बसणं, पथ्य सांभाळणं हे विधवेला येतच होतं. वर्षानुवर्षं फुकट करत होती. तेच तिनं शिस्तीनं शिकून रुग्णालयात केलं की तिच्या हातात महिन्याला स्वतःची रक्कम पडणार. ‘हिला पोसायचं’ हे वाक्य त्या दिवशी बंद. स्वतः एक पैसाही न घेणाऱ्या बाईनं दुसऱ्या बायकांच्या पगाराची व्यवस्था केली. सेवा म्हटलं की आपण त्याग, माया, पुण्य असे शब्द लगेच काढतो. बाईच्या बाबतीत तर फारच लवकर काढतो, कारण मग पैशाचं बोलावं लागत नाही. संस्थेच्या नावात ‘सेवा’ असूनही रमाबाईंनी ते बोलणं टाळलं नाही, हे त्यांचं खरं वेगळेपण.

याची मर्यादाही सांगितली पाहिजे. सेवासदनमध्ये सुरुवातीला आलेल्या बायका बव्हंशी वरच्या जातीच्या. शेतावर राबणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या बाईला ‘घराबाहेर पडायचं की नाही’ हा प्रश्नच कधी नव्हता. तिचे प्रश्न दुसरे होते. त्याच काळात विठ्ठल रामजी शिंदे यांच्या भगिनी जनाक्का अस्पृश्यांच्या वस्तीत मिशनचं काम करत होत्या. त्यांच्या कामाला तेवढा गाजावाजा मिळाला नाही. एका शहरात एकाच वेळी अशी दोन-तीन कामं चालतात आणि इतिहास एकालाच खुर्ची देतो, हे काही नवीन नाही.

पण ही दोन कामं एका ठिकाणी भेटली, ते ठिकाण म्हणजे मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाचा लढा. 1920 च्या सुमाराला पुणे नगरपालिकेत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं ठरत होतं. आणि प्रश्न आला : मुलींचंही का? पैसा कमी आहे, आधी मुलांचं करू, मुलींचं मग बघू. असं म्हणणाऱ्यांत टिळकपक्षाची मोठमोठी मंडळी होती. ‘मग बघू’ याचा अर्थ त्या वेळी साठीला टेकलेल्या रमाबाईंना चांगला ठाऊक होता. 1884 साली त्यांनी मानपत्र वाचलं होतं, आणि आता 1920 उजाडलं तरी तेच! त्या सभांना गेल्या, बायकांना बाहेर काढलं, रस्त्यावर मिरवणूक निघाली. ब्राह्मण घरच्या बायका पुण्याच्या रस्त्यावरून मागणी करत चालल्या आहेत हे दृश्य लोकांना नवीन होतं. शिंदेही याच बाजूनं उभे होते, आणि त्यांनी त्यासाठी सभेत दगडधोंडेही सोसले. पाठोपाठ मताधिकाराची मागणी. 1921 साली मुंबई कायदेमंडळानं बायकांना मत द्यायला संमती दिली. अर्थात मालमत्तेची अट होतीच. सगळ्यांना मिळायला स्वातंत्र्य यावं लागलं.

सरकारनं 1913 साली त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिलं. त्याच वर्षी त्या दुष्काळाच्या मदतीसाठी गुजरात-काठेवाडात हिंडत होत्या. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांतही त्यांचा एक नेम मोडला नाही : आषाढी-कार्तिकीच्या यात्रेला सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन आळंदीला जायचं. यात्रेत बायकांचे हाल काय होतात हे वारी बघितलेल्यांना सांगायला नको. लेकरं हरवतात, म्हाताऱ्या चेंगरतात, आजारी पडलं तर आडोसा नाही. आळंदीच्या घाटावर पुण्याच्या शिकलेल्या मुली खेड्यातल्या वारकरणींचे पाय धुताहेत, औषध देताहेत, चुकलेल्या पोराची आई शोधताहेत. सज्ज्यातून हसणाऱ्या पोरांना हे बघायला न्यायला हवं होतं.

1924 साली रमाबाई गेल्या. पुण्याचं सेवासदन वाढत राहिलं, सोलापूर-नागपूरलाही सेवासदनं उभी राहिली. 1962 साली टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आजही मिळतं, जरूर वाचा. वाचून झालं की शेवटच्या पानानंतर संस्थेचे जुने अहवाल, त्या काळची वर्तमानपत्रं चाळा, कारण पुस्तकातली बाई तिथून पुढे निघून गेलेली आहे.

आजची वेळ संपत आली. पुढच्या वेळी आपण हिंगण्याला जाऊ. तिथल्या आश्रमासाठी झोळी घेऊन गावोगाव हिंडलेल्या आणि पुढे वर्गणीसाठी थेट अमेरिका गाठणाऱ्या पार्वतीबाई आठवल्यांवर बोलू. त्यांनी मात्र स्वतःच्या कामाचं सगळं लिहून ठेवलंय, आणि पुस्तकाच्या नावात ‘आमची’ नाही, ‘माझी कहाणी’ असं म्हटलंय.